मोफत शैक्षणिक साधने आणि आपल्या शाळांची पात्रता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भिलाई येथे भरलेल्या शिक्षणविषयक परिसंवादातील भाषण)



माझ्याआधी बोललेल्या दोन्ही वक्त्या अध्यापनशास्त्रात अधिकारी आहेत. माझे तसे नाही. मी कधी शिक्षक नव्हतो आणि संगणकाचा जाणकार तर मुळीच नाही. येथील पोलाद कारखान्याच्या भांडार विभागात मागणीपत्रे, पावत्या आणि नोंदवह्या तपासण्यात माझी चौतीस वर्षे गेली. तरीही कार्यवाहांनी हा विषय माझ्याकडे सोपविला, याचे कारण एवढेच की ज्यांना आज ऑनलाइन शिक्षणाची मोफत साधने म्हणतात, ती शाळेला मिळवून देणे हे फार मोठ्या अंशी कागदपत्रांचे काम आहे. आणि कागदपत्रांचे काम म्हटले की आपल्या मंडळात सर्वांची नजर माझ्याकडे वळते.

मंडळाची छोटी शाळा आपणां सर्वांना ठाऊक आहे. पहिली ते आठवी, माध्यम हिंदी, मराठी हा विषय. शाळा सुरू झाली तेव्हा वर्गात निम्मी मुले आपल्या घरांतली होती. आज आपली मुले मोठ्या इंग्रजी शाळांतून जातात आणि आपल्या शाळेत येतात ती रिक्षाचालकांची, घरकाम करणाऱ्या बायांची, ठेकेदारीवर राबणाऱ्या मजुरांची मुले. यांतली बहुतेक मराठी नव्हेत. याबद्दल कार्यकारिणीत अधूनमधून कुरकुर होते, ती मी ऐकलेली आहे. पण तो आजचा विषय नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळेचे दार बंद झाले. आमच्या शिक्षिकांनी आपापल्या खाजगी फोनवरून शिकवायला आरंभ केला. मुलांच्या घरी फोन एक, तोही बहुधा वडिलांचा, आणि वडील संध्याकाळी घरी आल्यावर हाती पडणारा. शिक्षिकांचे खाजगी क्रमांक शे-दीडशे घरांत गेले. रात्री अकरा वाजता उत्तरपत्रिकांची छायाचित्रे येऊ लागली. फोनची जागा भरून गेली म्हणून जुन्या उत्तरपत्रिका पुसाव्या लागल्या. ज्या फुकट खात्यावर तोंडी वर्ग चालत, तो चाळीस मिनिटांनी आपोआप मिटत असे. मग पुन्हा सारा वर्ग जमवायचा आणि तोवर कुणाचा तरी फोन वडील घेऊन जायचे. त्याच वेळी शहरातल्या मोठ्या शाळांतून प्रत्येक मुलाला शाळेच्या नावाचे खाते मिळाले होते. गृहपाठ कोणी दिला, कोणी नाही, हे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात दिसत होते.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारले, “या शाळांना याचे वर्षाला किती पैसे पडत असतील हो?” मी चौकशी केली. उत्तर आले, काही नाही. जी शाळा भरघोस फी घेते तिला ते फुकट मिळत होते, आणि जिच्या मुलांना त्याची खरी निकड होती ती शाळा अर्ज कसा करायचा हे ठाऊक नसल्याने बाहेर उभी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही असे म्हटले तर ते नाटकी होईल, पण मनाला लागले हे खरे.

आता ही साधने कोणती, ते थोडक्यात सांगतो. त्यांचे दोन वर्ग पडतात आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. काही साधनांना पात्रता लागतच नाही. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. पाठ्यपुस्तकावरचा चौकोनी ठिपक्यांचा संकेत फोनने टिपला की त्या धड्याची सामग्री उघडते, आणि त्यात मराठीही आहे. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके महाजालावरून कोणालाही उतरवून घेता येतात. गणितासाठी ‘जिओजेब्रा’ आहे. तेथे तुमची शाळा मान्यताप्राप्त आहे काय, हे कोणी विचारीत नाही.

दुसरा वर्ग मोठ्या कंपन्यांच्या साधनांचा. गूगलची शाळांसाठीची सेवा २००६ साली सुरू झाली. तिची नावे दोनदा बदलली आणि २०२१ पासून ती ‘वर्कस्पेस फॉर एज्युकेशन’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातला ‘क्लासरूम’ हा भाग २०१४ चा. मायक्रोसॉफ्टचाही ‘ए वन’ नावाचा मोफत संच शाळांसाठी आहे. चित्रे व तक्ते करण्याचे ‘कॅन्वा’ शालेय शिक्षकांना विनामूल्य मिळते. तेथे एखादा शिक्षक एकटाही, आपण शिक्षक आहोत याचा पुरावा देऊन, अर्ज करू शकतो. पण पहिल्या दोन ठिकाणी अर्ज शाळेने करायचा असतो आणि शाळेला आपण शाळा असल्याचे सिद्ध करावे लागते.

हे ऐकून आमच्या एका सभासदांना हसू आले. “पन्नास वर्षे घंटा वाजते आहे, यापेक्षा आणखी पुरावा कोणता?” परंतु हजारो मैलांवर बसून अर्ज तपासणाऱ्याला घंटा ऐकू येत नाही. त्याला कागद दिसतो. त्याला तीन गोष्टींची खात्री हवी असते: ही संस्था सरकारमान्य शिक्षणसंस्था आहे, अर्जात दिलेला महाजालावरचा पत्ता, म्हणजे डोमेन, तिच्याच मालकीचा आहे, आणि अर्ज करणाऱ्या माणसाला तो अधिकार आहे.

आमचा पहिला अर्ज नाकारला गेला. मी फार संतापलो होतो. नंतर शांतपणे आमचीच कागदपत्रे टेबलावर पसरली, तेव्हा ओशाळलो. शाळेच्या फलकावर एक नाव, शिक्षण खात्याच्या मान्यतापत्रावर दुसरे, आणि यू-डायसच्या नोंदीत तिसरे. खरे पाहता ते एकच नाव. पण रोमन लिपीत लिहिताना ‘विद्यालय’ या शब्दाच्या अंती एका कागदावर ‘ए’ होता, दुसऱ्यावर नव्हता, तिसऱ्यावर ‘द’पुढे ‘एच’ शिरला होता. आपण देवनागरीत वाचणारी माणसे; आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. तपासणाऱ्याला मात्र त्या तीन निरनिराळ्या शाळा वाटल्या असणार. भांडारात मागणीपत्रावर आणि पावतीवर मालाचे नाव एका अक्षराने वेगळे असले तर मी स्वतः माल अडवून धरीत असे!

दुसरी चूक याहून गमतीची. शाळेचे संकेतस्थळ म्हणून आम्ही जे पान दाखविले होते ते मंडळाचे पान होते. त्यावर गणेशोत्सवाची छायाचित्रे होती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे निमंत्रण होते, नाट्यस्पर्धेचा निकाल होता. शाळेचा उल्लेख शेवटच्या ओळीत होता. ही संस्था सांस्कृतिक दिसते असे तपासणाऱ्याला वाटले असल्यास त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग आम्ही रीतसर कामाला लागलो. यू-डायस हा प्रत्येक शाळेचा अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन गटाचे, नंतरचे तीन गावाचे किंवा प्रभागाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. छत्तीसगढच्या शाळांचा क्रमांक २२ ने सुरू होतो, महाराष्ट्राच्या २७ ने. या क्रमांकाच्या नोंदीतले नाव प्रमाण मानून बाकीचे कागद तसे करून घ्यायचे असे ठरले. त्यासाठी शिक्षण खात्यात चार खेपा झाल्या. शाळेसाठी स्वतंत्र डोमेन घेतले. ज्याच्या शेवटी ‘एज्यु डॉट इन’ किंवा ‘एसी डॉट इन’ येते असे डोमेन आपल्या देशात केवळ शिक्षणसंस्थांना आणि केवळ ‘अर्नेट इंडिया’ या सरकारी संस्थेकडूनच मिळते. तेथे मान्यतेचे पुरावे आधीच तपासले जात असल्यामुळे असा पत्ता पुढे फार उपयोगी पडतो. आम्हांला घाई होती, म्हणून साधे ‘डॉट इन’ घेतले. वर्षाला हजाराच्या आतला खर्च. आपणांपैकी कोणी नव्याने आरंभ करणार असेल तर त्याने थोडी कळ काढून अर्नेटकडेच जावे, असे माझे मत आहे.

नव्या पानावर आम्ही शोभेचे काही ठेवले नाही. शाळेचे पूर्ण नाव, पत्ता, इयत्ता, मान्यतेचा क्रमांक, यू-डायस क्रमांक, मुख्याध्यापिकांचे नाव आणि शाळेचा दूरध्वनी, एवढेच. डोमेनची मालकी सिद्ध करण्याची रीत मोठी गमतीशीर आहे. कंपनी अक्षरांची एक निरर्थक माळ पाठवते आणि ती डोमेनच्या नोंदीत अमुक जागी लिहायला सांगते. घर आपले असेल तर आपणच त्याच्या आतल्या खुंटीवर ती माळ टांगू शकतो. परका टांगू शकत नाही. ती टांगलेली दिसली की मालकी मान्य. हे काम आपल्या एका सभासदांच्या बारावीतल्या नातवाने दहा मिनिटांत केले आणि मला समजावून सांगायला अर्धा तास घेतला.

अकराव्या दिवशी मंजुरी आली.

येथून पुढची हकीकत सांगावी की नाही असा मला प्रश्न होता, कारण तीत मंडळातल्या एका मतभेदाचा उल्लेख येतो. पण स्मरणिका केवळ कौतुकासाठी नसते.

मंजुरीनंतरच्या बैठकीत सूचना आली, की आता शाळेच्या नावाने एवढी मोठी जागा मिळाली आहे तर सभासदांनाही त्यावर खाती द्यावीत. मंडळाची नाटके, छायाचित्रे, सभासदांची यादी, सारे तेथे ठेवता येईल. दुसरी सूचना अधिक भावनेची होती. आपला रविवारचा मराठी वर्ग, ज्यात आपलीच नातवंडे मुळाक्षरे गिरवतात, तो शाळेचाच भाग म्हणून दाखवावा. मी दोन्हींना विरोध केला. रविवारचा वर्ग मलाही प्रिय आहे. माझी नात त्यातच ‘ळ’ म्हणायला शिकली. परंतु तो मान्यताप्राप्त शाळा नाही आणि सभासद हे विद्यार्थी नाहीत. जे आपण नाही ते आहोत असे लिहून दिले, तर उद्या तपासणीत खाते बंद होईल ते आपले नव्हे, त्या रिक्षाचालकांच्या मुलांचे. आवाज चढले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “जागा पडून आहे, कोणाचे काय जाते?” मी म्हणालो, “भांडारातला माल पडून असला म्हणून घरी नेता येत नाही.” ते वाक्य मी जरा तिखटपणे बोललो आणि त्याबद्दल नंतर त्यांची क्षमाही मागितली, मत मात्र मागे घेतले नाही.

मंडळालाही मार्ग होता, तो निराळा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांसाठी या कंपन्यांची वेगळी योजना असते, आणि गूगलच्या त्या योजनेत उलट शाळांना प्रवेश नाही; शाळेने शाळेच्या दारातून यावे, संस्थेने संस्थेच्या. आम्ही तेथे मंडळाच्या नोंदणीपत्रानिशी अर्ज केला. रविवारच्या वर्गासाठी ‘दीक्षा’ आणि ‘बालभारती’ची पुस्तके पुरेशी होती. आज तो वर्ग त्यांवरच चालतो आणि कोणाचे काही अडलेले नाही.

मोफत या शब्दाचा एक जुना प्रसंग येथे आठवतो. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी माणसाने शिक्षणाचे काय काम केले, असे कोणी विचारले तर सयाजीराव गायकवाडांचे नाव प्रथम येते. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोगादाखल सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केले. त्या राज्यातली प्रजा बहुतांशी गुजराती होती. केवळ फी माफ केली म्हणून काम झाले असे महाराजांनी मानले नाही. मूल शाळेपर्यंत पोहोचेल याची जबाबदारी राज्याने आपल्याकडे घेतली. एवढी मोठी तुलना आपल्या कामाला शोभत नाही, हे मी जाणतो.

आता माझ्या हातून झालेल्या अपराधाकडे येतो.

डोमेन दर वर्षी नव्याने भरावे लागते. ते घेताना संपर्कासाठी मी माझा खाजगी ईमेल दिला होता, कारण त्या वेळी शाळेचा ईमेल अस्तित्वातच नव्हता. पुढे तो बदलायचा राहून गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात मी पुण्याला मुलीकडे दोन महिने होतो. मुदत संपत असल्याच्या सूचना माझ्या पेटीत एकामागून एक येऊन पडल्या आणि मी ती पेटी उघडलीच नाही. डोमेनची मुदत संपली, संकेतस्थळ गेले, शाळेच्या पत्त्यावर येणारी पत्रे परत जाऊ लागली. शाळेला सुट्टी असल्याने नऊ दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. त्या नऊ दिवसांत एका निवासी विद्यालयाने आमच्या आठवी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीच्या कागदपत्रांची पडताळणी शाळेकडे ईमेलने मागितली होती. ते पत्र परत गेले. मुख्याध्यापिकाबाईंना कळले तेव्हा त्या स्वतः बसने कागद घेऊन गेल्या, पण मुदत उलटली होती आणि जागा प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या मुलीला मिळाली होती. नियमाप्रमाणे त्यांचे बरोबरच होते. ती मुलगी येथल्याच शाळेत नववीला गेली. तिची आई आपल्यापैकी तीन घरी कामाला येते. तिने मला एक शब्दही विचारला नाही.

तेव्हापासून आम्ही जी व्यवस्था केली आहे तीत हुशारी काहीच नाही, भांडारातली शिस्त आहे. व्यवस्थापनाचे अधिकार दोघांकडे असतात, एक मुख्याध्यापिका आणि एक शिक्षिका. मंडळाच्या पदाधिकाऱ्याकडे ते नसतात, कारण पदाधिकारी दर दोन वर्षांनी बदलतो. पासवर्ड लाखबंद पाकिटात शाळेच्या कपाटात आहे. डोमेन एकदम पाच वर्षांसाठी भरले आहे आणि मुदतीची तारीख आवक-जावक वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिली आहे. शिक्षक सोडून गेला तर खाते त्याच दिवशी बंद करायचे. मूल शाळा सोडून गेले तर त्याचे काम त्याला देऊन मग खाते मिटवायचे.

फुकट वस्तूच्या अटी देणारा बदलू शकतो, हेही विसरून चालत नाही. गूगलने शाळांना पूर्वी अमर्याद जागा दिली होती. २०२१ साली ती पद्धत थांबविण्याचे जाहीर झाले आणि सगळ्या शाळेत मिळून शंभर टेराबाइट अशी मर्यादा आली. आमच्यासारख्या शाळेला ती कधी पुरी व्हायची नाही, पण निकालपत्रके आणि दाखल्यांच्या प्रती आम्ही कागदावरही ठेवतो.

पालकांच्या संमतीविषयी मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बहुतेक शाळा ही पायरी गाळतात. मूल अठरा वर्षांखालचे असते. त्याचे नाव, काम, कधीकधी चेहरा आणि आवाज आपण परक्याच्या यंत्रावर ठेवतो. २०२३ साली संसदेने केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. आमचे संमतीपत्र हिंदीत आहे, पण शिक्षिका ते पालकसभेत छत्तीसगढीतून वाचून दाखवितात. पहिल्या सभेत एका आईने विचारले, “माझ्या पोरीचा फोटो कोण कोण बघणार?” आमच्यापैकी कोणालाच नेमके उत्तर देता आले नाही. आम्ही घरी आलो, सेटिंग्ज एकेक करून तपासल्या, मुलांच्या खात्यांना छायाचित्र लावण्याची मुभा बंद केली, शाळेबाहेरच्या व्यक्तीशी पत्रव्यवहार बंद केला, आणि पुढच्या सभेत तिला उत्तर दिले. इतक्या समित्यांच्या बैठका मी पाहिल्या, पण इतका नेमका प्रश्न क्वचित ऐकला.

गेल्या चार वर्षांत आसपासच्या सहा लहान शाळांना आपण अर्ज करायला साह्य केले. त्यांतली एकही मराठी नाही. पाच मंजूर झाल्या. सहावीची मान्यता संपलेली होती आणि तिचे नूतनीकरण झाले नव्हते. तेथल्या व्यवस्थापकांनी सुचविले की शेजारच्या शाळेचा यू-डायस क्रमांक तात्पुरता वापरावा. आपण नाही म्हटले. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार मान्यतेवाचून शाळा चालवताच येत नाही. तेव्हा त्यांचा खरा प्रश्न संगणकाचा नव्हताच. आपले एक वकील सभासद त्यांना मान्यतेच्या अर्जात साह्य करीत आहेत. तो अर्ज अजून खात्यात पडून आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात मी मंडळाच्या वाचनालयात असतो. आपल्या माहितीतल्या कोणत्याही शाळेला, मग ती कोणत्याही भाषेची असो, तेथे पाठवा. येताना मान्यतापत्र, यू-डायस क्रमांक, मुख्याध्यापकांच्या सहीचे शाळेच्या लेटरहेडवरचे अधिकारपत्र, आणि संस्थेचे नोंदणीपत्र एवढे आणावे. आणि घरून निघण्यापूर्वी चारही कागद एकाखाली एक ठेवून त्यांवरच्या रोमन नावातले अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. नाव जुळत नसेल तर आधी शिक्षण खात्यात जावे, माझ्याकडे नंतर यावे.